दिसेल त्या पाण्याला दंड

(बंगळुरूमधल्या एका सोसायटीतली रोजनिशी, उन्हाळा २०२४)

शनिवार, ९ मार्च

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच गोष्ट फिरतेय, जल मंडळाचा आदेश. पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला, बांधकामाला, कारंज्यांना, रस्त्यांच्या कामाला वापरायचं नाही. मॉल आणि थिएटरांत ते प्यायचं, बाकी कशाला वापरायचं नाही. सापडलात तर ५,००० रुपये. पुन्हा सापडलात तर पुन्हा ५,००० आणि वर रोजचे ५००. घर असो, हॉटेल असो, दुकान असो, सगळ्यांना एकच माप.

बाग आणि पाणी हे खातं यंदा माझ्याकडे, म्हणून पहिला फोन मलाच. बी ब्लॉकचे वकीलसाहेब. "मॅडम, आपल्याकडे कावेरी येतच नाही. आपलं सगळं बोअर आणि टँकरवर. मग हा नियम आपल्याला लागू कसा?"

मी म्हटलं, त्याच बोअरचं पाणी आरओ लावून आपण पितो की.

"तो आपला प्रश्न झाला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण पावती फाडलीच तर कुणाच्या नावाने फाडतील? सोसायटीच्या की फ्लॅटच्या?"

२००७ साली जी ११० गावं बंगळुरू महापालिकेत आली त्यातल्याच एका गावाच्या शेतांवर आमची सोसायटी उभी आहे. गाव शहरात आलं, पाइपलाइन मागे राहिली. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला आणि राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. शहरातल्या १३,९०० सरकारी बोअरपैकी ६,९०० आटल्याचा आकडा सरकारच सांगतंय. परवा मंगळवारी उपमुख्यमंत्री शिवकुमार स्वतः म्हणाले की त्यांच्या घरची बोअरसुद्धा कोरडी पडलीय. ज्यांना कावेरी मिळते त्यांचंही पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर वर चढवून आणावं लागतं. असलं पाणी लोक रोज सकाळी गाडीच्या टपावर ओततात.

मी सोलापूरची. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ही माहेरची रीतच. त्यामुळे टंचाईची मला धास्ती वाटत नाही. टंचाईत हिरवं लॉन बघितलं की मात्र डोकं फिरतं.

सोमवार, ११ मार्च

सहा वाजता खाली गेले. मामा लॉनवर पाइप धरून उभे होते. मामा म्हणजे आमचे मुख्य माळी, भालकीकडचे. बीदर जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात घरोघरी मराठी चालतं, म्हणून आमचं दोघांचं सूत पहिल्या दिवसापासून जमलंय. मला ताई म्हणतात.

१५ लिटरची बादली पाइपाखाली धरली. पाऊण मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला २० लिटर. मामांना विचारलं, किती वेळ चालतो हा? म्हणाले, "लॉन पुरं भिजेस्तोवर."

वर येऊन हिशेब केला. मार्चच्या उन्हात गवताला रोजचं चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आमचं लॉन अर्ध्या एकराचं, दोन हजार चौरस मीटर. म्हणजे दिवसाला आठ ते दहा हजार लिटर. १२ हजार लिटरचा बराचसा टँकर लॉनच पिऊन टाकतं. जिल्हाधिकाऱ्यांनी गुरुवारी टँकरचे दर बांधून दिलेत, पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरला १,००० रुपये. आमचा टँकरवाला त्या दराचं नाव काढलं की फोन ठेवतो.

पण खरा शोध दुपारी लागला. आमच्याकडे सांडपाण्याचा प्रक्रिया प्रकल्प आहे; एवढ्या मोठ्या सोसायटीला तो ठेवावाच लागतो. त्याचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, असं कागदावर आहे. प्लंबरला घेऊन बागेच्या लाइनीच्या मागेमागे गेले. तळघरात, पंपाच्या मागे, धुळीने माखलेला एक व्हॉल्व्ह. बागेची लाइन तिथून थेट बोअर-टँकरच्या मोठ्या टाकीला जोडलेली. प्लंबर म्हणाला, चार वर्षांपूर्वीची जोडणी. लॉनवर मुलं खेळतात आणि पाण्याला वास येतो अशा तक्रारी होत्या, तेव्हाच्या कमिटीने लाइन बदलून घेतली. इतिवृत्तात त्याचा एक शब्द नाही.

म्हणजे चार वर्षं आम्ही विकतचं, प्यायच्या टाकीतलं पाणी गवताला घातलं आणि प्रक्रिया केलेलं पाणी रात्री गटारात सोडलं.

बुधवार, १३ मार्च

पोहण्याच्या तलावातही पिण्याचं पाणी भरायला काल बंदी आली. आमचा तलाव जानेवारीतच रिकामा केलाय. एक भांडण वाचलं.

आज वास का येतो त्याचा छडा लावला. प्रकल्प चालवणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. वासाचं विचारल्यावर त्याने बोलण्याऐवजी काचेचं एक लिटरचं नळकांडं आणलं, वायुवीजनाच्या टाकीतलं मातकट पाणी त्यात भरलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "अर्धा तास, मॅडम." आम्ही बसलो. आधी सगळं एकसारखं तपकिरी. मग वरच्या बाजूला एक स्वच्छ पट्टी दिसायला लागली, आणि गाळ लोकरीच्या गुंत्यासारखा हळूहळू खाली उतरला. तीनशे-चारशेच्या खुणेवर थांबला तर तब्येत उत्तम, असं तो म्हणाला. आमचा सहाशेच्या वरच अडकला.

कारण त्याला ठाऊक होतं, सांगायची चोरी होती. विजेचं बिल कमी यावं म्हणून ब्लोअर रात्री बंद ठेवायची तोंडी सूचना आहे. हवा नाही मिळाली की टाकीतले जिवाणू मरतात, पाणी सडतं, वास येतो. वास येतो म्हणून बागेला चांगलं पाणी. चांगलं पाणी संपलं की टँकर. विजेचे वाचवलेले पैसे टँकरवाल्याला दिले आणि कमिटीने काटकसर केली म्हणून वार्षिक सभेत टाळ्या घेतल्या.

ब्लोअर आजपासून चोवीस तास. लेखी दिलं.

रविवार, १७ मार्च

विशेष सभा, क्लब हाउसमध्ये. एवढी गर्दी मी दिवाळीलाही बघितली नव्हती.

माझा ठराव साधा होता. लॉनला पाणी बंद, झाडांना चालू, तेही प्रक्रिया केलेलं. मेक्सिकन गवत आज वाळलं तर पावसाळ्यात महिनाभरात पुन्हा लावता येतं. वीस वर्षांचा पर्जन्यवृक्ष वाळला तर आमच्यातले अर्धे लोक त्याची सावली पुन्हा बघणार नाहीत.

विरोध अपेक्षित ठिकाणाहून आला. फ्लॅट विकायला काढलेले दोघे म्हणाले, गिऱ्हाईक गेटातून आत आल्यावर आधी काय बघतं? एका बाईंचं म्हणणं जास्त वजनदार होतं. त्या म्हणाल्या, "लॉन सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे लॉनवर बोलतायत. आमच्या वरच्या मजल्यावर रोज टब भरून आंघोळ चालते, ते कोण बघणार?"

बाईंचं बरोबर आहे. हिशेब मांडा. २४० फ्लॅट, घरटी तीन माणसं, माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तरी ९७ हजार लिटर रोज. लॉन त्याच्या एक दशांश. त्याच्या दहापट पाणी दाराआड वाहतं. तिथे ना जल मंडळाचा माणूस पोचत, ना आम्ही, कारण आमच्याकडे फ्लॅटला मीटर नाहीत. पाण्याचं बिल चौरस फुटांवर वाटलं जातं. एकटा राहणारा म्हातारा आणि सहा जणांचं कुटुंब, फ्लॅट सारखा तर पैसे सारखे. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाइप दिसतो, म्हणून पाइपाला दंड. शॉवर दिसत नाही, म्हणून त्याला आवाहन.

तरीही मला आदेश चुकीचा वाटत नाही. तोंड धुवायला लागणारं पाणी आणि गवताला लागणारं पाणी यांत आधी कुणाचं तोडायचं, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि सोसायटीच्या सभेत ते कधीच ठरलं नसतं. आदेश नसता तर तो व्हॉल्व्ह अजून धूळ खात असता. पण 'बाहेरचं पाणी बंद केलं म्हणजे आपण दुष्काळाशी लढलो' असा जो भाव आज सभेत होता, त्याची चीड आली.

ठराव पास. ११३ विरुद्ध ४१. बाकीचे चहाला.

मंगळवार, १९ मार्च

मामांना सभेचा निर्णय सांगितला. मला वाटलं वाईट वाटेल, एवढी वर्षं राखलेलं लॉन. मामा हसले. "ताई, खरं सांगू? ह्या गवताचं मला कधी कळलंच न्हाई. वाढवायचं, कापायचं, पोत्यात भरून फेकायचं. जनावर तर एकबी न्हाई."

मग त्यांनी मला झाडांकडे नेलं आणि पुढचा तासभर बोलत राहिले. पाइपाने बुंध्याशी पाणी मारणं म्हणजे पाण्याची नासाडी, मुळं लांब असतात. आळं फांद्यांच्या घेरापर्यंत पसरट करायचं. पाणी रोज नको, आठवड्यातून एकदा पण पोटभर, संध्याकाळी. आणि वरून पाचट. त्यांच्याकडे उसाचं पाचट घालतात, म्हणजे ऊन जमिनीला लागत नाही, ओल टिकते. इथे ऊस नाही, पण पर्जन्यवृक्षाचा पाला रोज पोतीच्या पोती पडतो. तो आजवर आम्ही पैसे देऊन कचरागाडीत भरून देत होतो.

संध्याकाळपर्यंत मामांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पहिल्या रांगेतल्या झाडांना वीतभर जाडीचं आच्छादन घातलं. एका ठिकाणी पाला बाजूला सारून त्यांनी माझा हात मातीला लावला. गार लागली.

गुरुवार, २१ मार्च

नळांना फवारा बसवायचा फतवा. हॉटेलं, ऑफिसं, मोठ्या सोसायट्यांचे सार्वजनिक नळ, ३१ तारखेच्या आत. साध्या नळातून मिनिटाला १० ते १५ लिटर जातात, हे बसवलं की तीन ते सहा. प्लंबरांचे भाव एका रात्रीत दुप्पट. गेटावरच्या, बागेतल्या आणि क्लब हाउसच्या नळांना बसवून झाले.

मंगळवार, २६ मार्च

काल धुळवड. हॉटेलांच्या 'रेन डान्स'ना कावेरीचं आणि बोअरचं पाणी वापरायला मनाई होती. आमच्या मुलांनी कोरडे रंग खेळले आणि मग आंघोळीला घराघरांत जेवढं पाणी गेलं असेल त्याचा हिशेब मी करत नाही.

पेपरात आहे, तीन दिवसांत २२ घरांवर दंड, एक लाख दहा हजार वसूल. गाडी धुताना किंवा बागेला पाणी घालताना सापडलेली घरं. दीड कोटीच्या शहरात बावीस. वकीलसाहेबांनी बातमी ग्रुपवर टाकली, खाली हसरा चेहरा.

काल रात्री चिन्नास्वामीवर सामना होता, कोहलीने ७७ केल्या. मैदानासाठी जल मंडळाने कब्बन पार्कच्या प्रक्रिया प्रकल्पातून रोज ७५ हजार लिटर द्यायचं कबूल केलंय. टीव्हीवर ते हिरवंगार गवत बघताना नवरा म्हणाला, बघ, सांडपाण्यावर काय छान वाढतं. मी म्हटलं, त्यांचा ब्लोअर कुणी रात्री बंद करत नसेल.

सोमवार, १ एप्रिल

गाड्या पुसणारी मुलं आज भेटायला आली. पहाटे पाचला येतात, गाडीमागे महिन्याला ठरावीक रक्कम घेतात आणि दिवसा दुसरीकडे काम करतात. पाइप बंद झाल्यापासून ती अर्ध्या बादलीत फडकं बुडवून गाडी पुसतात. बादलीत प्रक्रिया केलेलं पाणी. त्यात क्षार जास्त, वाळलं की काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उठतात. ठिपके दिसले की मालक पैसे कापतात. एकाने फोनवर फोटो दाखवला: बॉनेटवर बोटाने 'नीट पुसा' असं इंग्रजीत लिहिलेलं.

पाणी बंद करण्याचा ठराव मालकांनी केला. ठिपक्यांचे पैसे मुलांच्या खिशातून. कमिटीतर्फे नोटीस लावली, पाण्याच्या डागांसाठी पैसे कापायचे नाहीत. पाळतील की नाही ते माहीत नाही; लिफ्टमध्ये लावलेली नोटीस आजवर किती जणांनी वाचलीय?

शुक्रवार, १२ एप्रिल

पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर मामांनीच आणून दिला होता. आज त्यांच्याच पगाराचा वाद. बागकामाची जी एजन्सी आहे तिचा सुपरवायझर म्हणाला, पाणी घालायचं काम उरलं नाही, चार माळ्यांचे दोन करू, तुमचीही बचत. खजिनदारांचे डोळे चमकले.

मी आच्छादनाचा, आळ्यांचा, ड्रमांमधून झाडांना पाणी वाहून नेण्याचा सगळा हिशेब मांडला. पाइप धरून उभं राहण्यापेक्षा हे काम दुप्पट आहे. चाराचे तीन झाले. जो गेला तो सगळ्यात नवीन, यादगीरचा पोरगा. जाताना मामांच्या पाया पडला. दुष्काळातच गाव सोडून आला होता.

शुक्रवार, २६ एप्रिल

मतदान. रांगेत तासभर. सगळे पाण्यावरच बोलत होते, पण बूथवर उमेदवारांचे कार्यकर्ते येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याच्या बाटल्या वाटायला तयार.

रविवार, २८ एप्रिल

आज ३८.५ अंश. बंगळुरूत! २०१६ च्या ३९.२ नंतरचा सगळ्यात तापलेला दिवस. लॉन केव्हाच गेलं. उन्हात ते फिकट तपकिरी दिसतं आणि पायाखाली कुरकुरतं. झाडं मात्र उभी आहेत, एकही गेलं नाही. विमानतळाच्या रस्त्यावरून आलेल्या पाहुण्यांनी गेटाशीच विचारलं, तुमच्याकडे रंगकाम चालू आहे का, सगळं उजाड का दिसतंय?

नवी भानगड अशी की आमच्या सांडपाण्याला गिऱ्हाईक आलंय. समोर एक टॉवर उभा राहतोय. चांगलं पाणी बांधकामाला बंद, म्हणून त्यांचा माणूस रोज रिकामा टँकर घेऊन आमच्या गेटावर. मोठ्या सोसायट्यांना शिल्लक प्रक्रिया केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत विकायला राज्य सरकारने यंदा परवानगी दिलीय. ब्लोअर चोवीस तास चालल्यापासून नळकांड्यातला गाळ साडेतीनशेच्या आसपास बसतो, वास गेलाय आणि पाणी विकण्याजोगं झालंय. जे फुकट गटारात जात होतं त्यावर आता वीजबिल निघतं.

शहराने हे आधीच करून ठेवलंय, फक्त दुसऱ्यांसाठी. २०१८ पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलार जिल्ह्यातले तलाव भरायला जातं. ज्या बेळंदूर तलावाला फेस येऊन आग लागायची, त्याच खोऱ्यातलं हे पाणी. कोलारच्या शेतकऱ्यांच्या विहिरींना पाणी लागलं म्हणतात. इथे मात्र पन्नास लाखांच्या गाड्यांना पांढरे ठिपके चालत नाहीत.

मंगळवार, ७ मे

काल पाऊस झाला. साधा नाही, गारांसकट, वाऱ्यासकट. शहरभर झाडं पडली. आमच्याकडे गुलमोहराची एक मोठी फांदी दोन गाड्यांवर. त्या गाड्या पावसाने इतक्या स्वच्छ धुतल्या होत्या की मुलांना काम उरलं नाही, असं त्यांच्यातलाच एक म्हणाला आणि हसला.

सकाळी मामा लॉनवर उकिडवे बसले होते. मेलेल्या गवताच्या खाली एका-दोन ठिकाणी बारीक हिरवं. "येतंय बगा, ताई. न सांगताच."

त्यांनी बेत सांगितला. अर्ध्यावर लॉन राहू द्या, पोरं खेळतात. बाकी अर्ध्यात कण्हेर, सदाफुली, कोरफड, कडेला कडीपत्ता आणि गवती चहा. लोकांना चहात घालायला होईल, मग तोडायला कुणी सांगणार नाही. मला बेत पटला. खर्चाचा अंदाज काढायला सांगितला.

पण जूनच्या सभेची विषयपत्रिका दुपारी आली. चौथा विषय, तिघांच्या सह्यांनी: 'पावसाळ्यापूर्वी संपूर्ण लॉन पूर्ववत करणे.' फ्लॅट विकायला काढलेले दोघे त्यात आहेतच. तिसरी सही वकीलसाहेबांची.

मी पाचवा विषय टाकला. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर, आणि एक वेगळा मीटर लॉनला. लॉनचं बिल चौथ्या विषयाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत समान वाटायचं. अध्यक्षांचा लगेच फोन आला, "मॅडम, हे नियमात बसतं का बघावं लागेल." मी म्हटलं, वकीलसाहेबांना विचारा, त्यांना कावेरीपासूनचे सगळे नियम पाठ आहेत.